पंधरा विरुद्ध बारा

आमच्या सोसायटीच्या इतिवृत्ताच्या वहीत, शहाण्णव नंबरच्या पानावर, माझ्या अक्षरात एक वाक्य आहे. ‘दूध डेअरीच्या गाळ्याचा करार पुढे चालू ठेवण्याचा ठराव नऊ विरुद्ध दहा मतांनी नामंजूर.’ नियमाप्रमाणे ते बरोबर आहे, खाली अध्यक्षांची सही आहे, माझी आहे. चार वर्षं होत आली, पण ते पान उलटताना मी अजूनही वही जरा घाईनेच उलटतो.

नेरूळला आमच्या चार मजली चार इमारती. बत्तीस घरं, एक पंपाची खोली आणि पंपाच्या खोलीला लागून सोसायटीचा स्वतःचा एक गाळा. त्या गाळ्यात एक दूधवाला होता. मूळचा साताऱ्याकडचा, वय माझ्याएवढंच, म्हणजे तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास. जवळच्या शिरवणे गावातल्या आठ गोठ्यांचं म्हशीचं दूध घ्यायचा आणि आमच्या व आजूबाजूच्या इमारतींना सुटं विकायचा. कारखान्यांसाठी जमिनी गेल्यावरही ज्यांनी म्हशी ठेवल्या होत्या अशा घरांचं ते दूध. करार अकरा महिन्यांचा. दर वेळी सर्वसाधारण सभेत हात वर व्हायचे आणि तो पुढे चालू व्हायचा. पाच वर्षं असंच चाललं होतं.

त्याच्या दुकानात देवाचा फोटो नव्हता. गिऱ्हाइकाच्या नजरेत पहिली गोष्ट हीच यायची, कारण आमच्याकडे न्हाव्याच्या दुकानापासून बँकेपर्यंत सगळीकडे फोटो असतो आणि त्याला हार असतो. लोक टाळतात म्हणून अमावस्येला तो मुद्दाम दही लावायचा. गणपतीची वर्गणी द्यायचा नाही, पण विसर्जनाच्या संध्याकाळी मंडपातल्या पोरांसाठी दहा लिटर मसाला दूध स्वतः आटवून आणायचा. आणि त्याची एक काळी पाटी होती. वर खडूने दुधाचे भाव, खाली रोज एक ओळ, त्याची स्वतःची. ‘मुलगी झाली तरी पेढे वाटा. पेढ्याला दूध तेवढंच लागतं.’ ‘उपास तुम्ही करा, घरच्या बाईला तीनदा चहा करायला लावू नका.’ लोक दूध घेताना वाचायचे, हसायचे, कोणी चिडवायचं, ‘काय मास्तर, आज कोणाची खोडी?’ कुठल्याही घरात बाळंतपण झालं की अकरा दिवस अर्धा लिटर दूध फुकट. मुलगा की मुलगी हे तो विचारायचा नाही.

मी एका केमिकल कारखान्याच्या लॅबमध्ये होतो आणि अजूनही आहे. दिवसभर मोजायचं काम. घरीही काचेची एक छोटी मापनळी आहे, तिचा काठ टवकला म्हणून कारखान्याने काढून टाकली होती. मुलांचं औषध मी तिनेच मोजायचो. माझ्या या सवयीमुळे दूधवाल्याला माझं कौतुक होतं. ‘साहेब मोजून बोलतात,’ असं तो चारचौघांत म्हणायचा. मला ते आवडायचं.

मग तो गुरुवार आला. पितृपक्ष चालू होता. सकाळी कारखान्यातच फोन यायला लागले की देव दूध पितोय. दुपारी घरी आलो तर गाळ्यासमोर रांग रस्त्यापर्यंत. हातात वाट्या, तांबे, चमचे. दूधवाला काउंटरवर दोन्ही हात टेकवून उभा होता.

‘ज्यांच्या घरी तान्हं पोर हाय, म्हातारं आजारी हाय, त्यांनी पुढं या. रोजची कार्डं असतील त्यांना मिळंल. देवासाठी आज दूध न्हाई.’

‘अरे, पैसे देतोय ना! जास्त देतो, घे!’ मागून कोणीतरी ओरडलं.

‘जास्त घेणार न्हाई आन् देवाला देणार न्हाई. माझ्याकडं तेवढंच दूध हाय.’

रांगेतले निम्मे लोक शिव्या देत मार्केटकडे गेले. त्या दिवशी तिकडे दुधाचा भाव किती चढला होता ते सगळ्यांना आठवत असेल. याने एक पैसा चढवला नाही.

घरी माझी बायको देव्हाऱ्यापुढे बसली होती. आमचा पितळेचा गणपती, वीतभर उंच, ताम्हणात ठेवलेला. तिने चमचा सोंडेला लावला आणि चमचा रिकामा झाला. मी शेजारी बसून बघितलं. चमचा खरंच रिकामा झाला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही क्षणभर काहीतरी वाटलं, ते नाकारत नाही.

पण सकाळी मूर्तीला लावलेलं गंध खाली ओघळलं होतं. सोंडेवरून पोटावर, पोटावरून बैठकीपर्यंत, एक बारीक लालसर रेघ. दूध त्या रेघेने उतरत होतं, इतक्या पातळ थराने की उजेड नसता तर दिसलं नसतं.

मी ताम्हण पुसून कोरडं केलं आणि मापनळी आणली.

‘अहो, देवाला मोजता?’ ती म्हणाली.

‘देवाला नाही. दूध मोजतो.’

पाच मिलीचा औषधाचा चमचा. पाच चमचे तिनेच पाजले, मी हात लावला नाही. पंचवीस मिली. नंतर ताम्हणातलं दूध नळीत ओतलं. साडेबावीस. म्हणजे साडेचार चमचे. अर्धा चमचा मूर्तीला आणि चमच्याला लागलेला. बायको उठली आणि ते साडेबावीस मिली तुळशीत ओतून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला गेलो तेव्हा दूधवाल्याचे डोळे तांबारलेले होते. रात्रभर लोक त्याच्या दारावर थापा मारत होते.

‘साहेब, तुमी शिकलेलं. खरं काय ते सांगा.’

मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, खिशातली चिठ्ठी काढून आकडे वाचून दाखवले, गंधाच्या रेघेसकट. इतका नीटनेटका निकाल फार दिवसांनी हातात आला होता आणि मला तो कोणालातरी दाखवायचा होता. कारखान्यात दाखवायची हिंमत नव्हती, तिथे माझा वरिष्ठच दोन लिटर पाजून आला होता.

संध्याकाळी पाटीवर भावांच्या खाली नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरांत ओळी होत्या. ‘देवाला पाच चमचे दूध पाजलं. साडेचार चमचे ताम्हणात सापडलं. उरलेलं मूर्तीला लागलं. देवाला नमस्कार करा, दूध लेकरांना पाजा.’

माझं नाव नव्हतं. मला हायसं वाटलं. माझं पहिलं लपणं ते.

त्यानंतर सगळं भराभर झालं. एका स्थानिक साप्ताहिकाने पाटीचा फोटो छापला आणि खाली लिहिलं, ‘देवाला मापात बसवणारा दूधवाला’. तोपर्यंत जे फक्त आमच्या चार इमारतींचं भांडण होतं ते पार रेल्वे स्टेशनपर्यंत गेलं. पुढच्या अंकात वाचकांची पत्रं, काही त्याच्या बाजूने, बहुतेक विरुद्ध. त्याच्या आधीच्या ओळीही कोणी कोणी आठवून लिहिल्या. त्यांवर पाच वर्षं हसलेली माणसं आता म्हणू लागली की हा पहिल्यापासूनच धर्मबुडवा. पंधरा-वीस तरुण गाळ्यासमोर येऊन माफी माग म्हणून गेले. एका सकाळी पाटीला डांबर फासलेलं होतं. दीडशे कार्डांपैकी साठ घरांनी त्याचं दूध बंद केलं.

सगळेच वाईट होते असं मी म्हणणार नाही. आमचे अध्यक्ष सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, सरळ गृहस्थ. त्यांच्या ऐंशी वर्षांच्या आईने थरथरत्या हाताने देवाला दूध पाजलं होतं आणि चार दिवस ती त्याच आनंदात होती. कोणीतरी तिला पाटी वाचून दाखवली. ती जेवली नाही. अध्यक्ष मला म्हणाले, ‘तिचं काय वय राहिलंय हो? याला आत्ताच मोजायचं होतं?’ मोजणारा समोर बसला होता. मी मान हलवली.

गाळ्याचा करार ऑक्टोबरअखेर संपत होता. दसऱ्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता गच्चीवर सभा ठरली. सेक्रेटरी म्हणून नोटीस मीच काढली. सभेच्या आदल्या दिवशी दूधवाला पंपाच्या खोलीशी मला भेटला. त्याची बायको आत कॅन घासत होती. पलीकडे शिरवण्याची एक गोठेवाली कमरेवर हात ठेवून उभी होती.

‘मी म्हसरांना काय सांगू?’ ती त्याला म्हणत होती. ‘उद्या दूद देऊ नका, सोसायटीची मीटिंग हाय?’

तो हसला. मग माझ्याकडे वळला.

‘साहेब, सगळी म्हणत्यात माफी माग, गाळा ऱ्हाईल. मागू काय?’

मी म्हणालो, ‘तुम्ही ठरवा.’

‘आकडे चुकीचे असतील तर मागतो. आत्ता मागतो. चुकीचे हायत का?’

‘आकडे बरोबर आहेत.’

‘मग माफी कशाची मागायची?’ त्याने विचारलं, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून आवाज खाली आणला. ‘तुमचं नाव येणार न्हाई. तुमी पोराबाळाचं माणूस हाय.’

त्यालाही दोन मुलं होती. मी त्याला थांबवलं नाही.

सभेला अठ्ठावीस घरांतून माणसं आली. यापूर्वी कधी एवढी आली नव्हती. इथे आमच्या सभांची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच फिरलं. आमच्याकडे बरीच घरं वाशीच्या बाजारात काम करणाऱ्यांची, माथाडी, तोलणारे, गाळ्यांवरचे. रविवारी त्यांना सुट्टी असेलच असं नाही. त्यामुळे सभेला त्यांच्या बायका येत. घर नवऱ्याच्या नावावर, सभासद तो, पण खुर्चीवर ती. तिने हात वर केला की तो त्या घराचा हात. मी तसाच मोजत आलो होतो. कोणाला काही वाटत नव्हतं.

अध्यक्षांनी विषय मांडला. एका सभासदाने दूधवाल्याला उभं केलं आणि विचारलं, ‘हे पाच चमचे, साडेचार चमचे, मोजलं कोणी? तुझ्याकडे काय लॅब आहे?’

लॅब हा शब्द ऐकून माझ्या हातातलं पेन थांबलं. दूधवाल्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

‘मीच मोजलं. दूधवाला हाय. माप माझ्या हातातच असतं.’

काही जण हसले. बायकांच्या बाजूने एक जणी म्हणाली, ‘माप बाकी कधी कमी न्हाई दिलं त्यानं!’ पुन्हा हशा. थोडं वातावरण सैल झालं. दूधवाला एवढंच बोलला की त्याला देवाचा राग नाही, त्या दिवशी दूध कमी होतं आणि पोरं जास्त होती. त्याला खाली जायला सांगितलं आणि अध्यक्ष म्हणाले, ‘करार चालू ठेवावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. सेक्रेटरी, मोजा.’

मी मोजले. पंधरा.

‘विरुद्ध?’

बारा.

अठ्ठावीस घरांतलं अठ्ठाविसावं माझं. मी हात वर केला नव्हता. मोजणाऱ्याने मत देऊ नये, असं मी स्वतःला सांगितलं होतं. असा नियम कुठेही नाही.

पंधरा आणि बारा हे आकडे मी वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिले. अध्यक्षांनी ते वाकून वाचले. मग ते हळूच म्हणाले, ‘यातल्या सभासद किती आहेत हो? नियम काय म्हणतो?’

हळूच म्हणाले तरी पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं. ‘बरोबर, नियम वाचा, नियम वाचा,’ असा आवाज सुरू झाला. आणि त्यात तोच मघाचा सभासद पुन्हा म्हणायला लागला, ‘आणि ते मोजमाप खरं कोणी केलं तेही एकदा...’

मी उपविधींचं पुस्तक उघडलं. मला पान शोधावं लागलं नाही. ज्याचं नाव भागदाखल्यावर आहे त्यालाच मत, मी मोठ्याने वाचलं. आवाज स्वच्छ निघाला. मग मी पुन्हा मोजलं. बाजूने वर झालेल्या पंधरा हातांपैकी सहा बायकांचे, नवऱ्यांच्या जागी आलेल्या. विरुद्धच्या बारांपैकी दोन. नऊ आणि दहा.

माझं मत टाकलं असतं तर दहा-दहा झाले असते आणि अध्यक्षांचं निर्णायक मत विरुद्ध गेलं असतं. हा हिशेब मी तिथल्या तिथे केला आणि त्यात आसरा घेतला. पण प्रश्न माझ्या मताचा नव्हताच. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की तीन वर्षांत मी सात सभा मोजल्या, सातही वेळा हे हात धरले, आजही धरतो. कोणी माझं काही वाकडं करू शकलं नसतं. मी म्हणालो नाही, कारण चर्चा वाढली असती आणि वाढता वाढता मापनळीपर्यंत आली असती.

तळमजल्यावरची एक बाई उठली. नवरा बाजारात माथाडी, ती स्वतः साताऱ्याकडची, आमच्या घरी हळदीकुंकवाला येणारी.

‘सेक्रेटरी भावजी,’ ती म्हणाली, ‘रंगाच्या टायमाला माझा हात चालला. टाकीच्या टायमाला चालला. तुमाला सेक्रेटरी केलं तवाबी चालला. आजच लुळा पडला व्हय?’

गच्चीवर हसू पसरलं. मीही हसल्यासारखं केलं. ‘वहिनी, नियम आहे, माझ्या हातात नाही,’ असं म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली, मग पदर खोचून जिना उतरून गेली. तिच्यामागून बाकीच्या.

घरी बायकोने ताट वाढलं आणि समोर बसली. तीही सभेला होती, पण घर माझ्या नावावर, मी हजर, म्हणून तिचा हात वर जायचा प्रश्नच नव्हता.

‘देव दूध प्यायला असं मी अजून मानते,’ ती म्हणाली. ‘तुमच्या नळीत काही येवो. पण मला हात वर करू दिला असता तर मी त्याच्या बाजूने केला असता. आपल्या धाकटीच्या वेळी अकरा दिवस दूध आलं होतं.’

मी जेवत राहिलो.

‘आणि तुम्हाला तर माहीत होतं,’ ती म्हणाली.

दिवाळी झाल्यावर त्याने गाळा रिकामा केला. किल्ली द्यायला वर आला, चहा घेतला, गाळ्याचे दिवे, नळ, शटर सगळं ठीक असल्याचं माझ्याकडून लिहून घेतलं आणि ‘येतो वहिनी’ म्हणून गेला. त्याने एखादा तिरका शब्द टाकला असता तर मी त्याला उत्तर तरी शोधलं असतं.

पुढच्या सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं असतं. सेक्रेटरीला दुरुस्ती सांगायची संधी तिथेच असते. मी घरून ठरवून गेलो होतो. ‘नऊ विरुद्ध दहा’ असं वाचलं आणि थांबलो. पेन्सिलीचे पंधरा-बारा अजून कोपऱ्यात होते. तळमजल्यावरच्या त्या बाईची खुर्ची रिकामी होती. त्या सहापैकी एकही आली नव्हती. अध्यक्ष म्हणाले, ‘कोणाची हरकत? नाही? कायम.’ मी पुढचा विषय वाचला. दोन वर्षांनी मी खटपट करून घरोघरच्या बायकांची नावं सहसभासद म्हणून चढवून घेतली. एकोणीस अर्ज स्वतः भरले. त्याचं सोसायटीत कौतुक झालं. ते कौतुक मी घेतलं.

दूधवाला शिरवण्यातच आहे. त्याच गोठेवालीच्या पडवीत त्याने काउंटर टाकलंय. आमच्याकडून चालत पंचवीस मिनिटं. आता दारात पिशवीचं दूध येतं, तरी रविवारी मी तिकडे जातो. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा गर्दी नव्हती. भिंतीवर देवाचा फोटो होता, ताजा हार घातलेला. माझं लक्ष तिकडे गेलेलं त्याने पाहिलं.

‘घरमालकीण म्हणली लाव. लावला. भाड्यात धरलाय,’ तो म्हणाला.

पाटीवर फक्त भाव होते. खालची जागा कोरी. मी विचारलं, ओळ का नाही?

‘हितं सगळी एकमेकांच्या नात्यातली हायत वो. कशाला?’

मग मी बोललो. वाटेत तीनदा मनात जुळवलेलं होतं. म्हणालो, की येत्या सर्वसाधारण सभेत मी उभा राहून सांगणार आहे, मोजलं होतं ते मी, आणि हात पंधरा होते. वहीत तशी नोंद करणार आहे.

तो कॅनचं झाकण फडक्याने पुसत होता. पुसायचा थांबला नाही.

‘आता त्या गाळ्यात झेरॉक्सवाला हाय ना?’

‘हो.’

‘त्याला उठवणार काय?’

‘नाही, तसं नाही...’

‘मग सांगा न्हाईतर ऱ्हाऊ द्या. तुमाला हलकं वाटंल. बरं हाय, वाटावं.’ त्याने माप उचललं. ‘म्हातारी हाय का अजून? अध्यक्षांची आई?’

‘आहे. अंथरुणावर आहे.’

‘मग ती हाय तोवर तरी नका सांगू,’ तो म्हणाला. ‘अर्धा देऊ का एक?’

मी एक म्हणालो. त्याने लिटरचं माप काठोकाठ भरून माझ्या किटलीत ओतलं, आणि नेहमीप्रमाणे वर थोडं जास्तीचं.